मनगटावर अकरा हजार मीटर

माणसाजवळ पैसा येऊ लागला की प्रथम त्याला वेळ मिळेनासा होतो, आणि मग तो भारी घड्याळ घेतो. हा क्रम मी इतक्या घरांत पाहिला आहे की त्याचे आता नवल वाटत नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. पूर्वी घड्याळाचा मोठेपणा सोन्यात मोजीत. डबी किती कॅरटची, पट्टा सोन्याचा की नुसता मुलामा दिलेला, आत माणके किती, अशी चौकशी होई. आता तो मोठेपणा मीटरांत मोजतात. तीनशे मीटर, बाराशे वीस मीटर, तीन हजार नऊशे मीटर! आणि हे मीटर कापडाचे नव्हेत, समुद्राच्या खोलीचे.

गेल्या वर्षी आमच्या एका स्नेह्यांची साठी झाली. गृहस्थ इमारती बांधण्याची कंत्राटे घेतात. पाण्याशी त्यांचा संबंध म्हणाल तर सिमेंटात कालवण्यापुरता. साठीनिमित्त वडिलांना काय द्यावे याचा चिरंजीवांनी विचार केला आणि समुद्राच्या तळाशी चालणारे घड्याळ द्यायचे ठरवले. स्नेही चित्रांची पुस्तके काखोटीला मारून माझ्याकडे आले. मला चाळीस वर्षांपासून घड्याळांचे वेड आहे, ही गोष्ट आमच्या सगळ्या कॉलनीत ठाऊक आहे. एखाद्याचे घड्याळ बंद पडले की लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग घड्याळजीकडे जातात.

"यातले कोणते घ्यायचे ते मागाहून पाहू," स्नेही म्हणाले. "मुळात घ्यावे का, ते सांगा. मुलगा म्हणतो, घ्याच. सून म्हणते, तेवढ्यात मोटार येते."

सूनबाई खोटे बोलत नव्हत्या. त्या पुस्तकातले सर्वांत खोल घड्याळ होते रोलेक्सचे ‘डीपसी चॅलेंज’. खोली ११,००० मीटर! २०२२ साली ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत पंचवीस हजार डॉलरांच्या वर होती; म्हणजे आपले वीस-एकवीस लाख रुपये झाले. टायटॅनियमचे अंग, रुंदी ५० मिलिमीटर, काच जवळजवळ एक सेंटिमीटर जाड, आणि पट्ट्यासकट वजन २५१ ग्रॅम. आमच्या मंडईत एवढ्या वजनाला ‘पावशेर’ म्हणण्याची चाल अजून गेलेली नाही. पावशेर वांगी मनगटाला बांधून हिंडावे, तसला प्रकार.

पण मी हसलो नाही. कारण हाच प्रश्न मी स्वतःला दहा वर्षे विचारीत आलो होतो. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हाती आलेल्या रकमेतून मी एक ठेव बाजूला ठेवली होती. त्या ठेवीतून अकरा हजार मीटरांचे नव्हे, पण साधारण निम्म्या किमतीतले तीन हजार नऊशे मीटरांचे घड्याळ आले असते. ‘घड्याळाची ठेव’ असे तिचे नावच घरात पडून गेले होते. ठेवीची मुदत संपली की मी त्या घड्याळाचे चित्र काढून बसे, आणि सौभाग्यवती स्वयंपाकघरातून तोच प्रश्न विचारी, "अहो, तुम्हांला पोहता येतं का?"

नाही येत. माझा जन्म गिरगावातला. चौपाटी दहा मिनिटांवर, पण गुडघ्याच्या वर मी कधी समुद्रात गेलो नाही. तेव्हा प्रश्नात दम होता, हे कबूलच आहे. परंतु माझे वडीलही कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या मनगटावर फेवर ल्यूबाचे ‘सी चीफ’ होते. समुद्राचा सरदार! हा सरदार रोज सव्वानऊच्या लोकलने कचेरीत जाई आणि सहाच्या लोकलने परत येई. त्या काळी मुंबईत फेवर ल्यूबाला केवढा मान! त्याच कंपनीने १९६८ साली ‘बॅथी’ नावाचे एक घड्याळ काढले होते. त्याच्या पाठीत एक पातळ पडदा असे, पाण्याच्या दाबाने तो आत लवे, आणि आपण किती खोल आलो ते काटा दाखवी. वडिलांना मी त्याच्याबद्दल सांगितले होते. ते म्हणाले, "कचेरीत किती खोल गेलो ते दाखवणारं काढ म्हणावं."

सांगायचा मुद्दा असा की कोरड्या माणसाने ओल्या नावाचे घड्याळ घालणे ही काही आजची गोष्ट नाही. तेवढ्याने ते वेडेपणाचे ठरत नाही. तेव्हा हा अकरा हजारांचा आकडा आला कुठून, ते आधी पाहू.

प्रशांत महासागरात ग्वाम बेटाच्या बाजूला मारियाना नावाची एक घळ आहे. तिच्यातली सर्वांत खोल जागा म्हणजे ‘चॅलेंजर डीप’. खोली १०,९०० मीटरांहून थोडी अधिक. त्या तळावर एव्हरेस्ट उभे केले आणि त्याच्या डोक्यावर आमचे कळसूबाई चढवले, तरी कळसूबाईच्या देवळावर चारशे मीटर पाणी उरते. दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे तळाशी बोटाच्या नखाएवढ्या जागेवर टनाहून जास्त भार! २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्त’ नावाच्या पाणयानात बसून तिथे उतरले. उतरायला पावणेपाच तास लागले. तळाशी ते वीसेक मिनिटेच थांबले. वाटेत खिडकीच्या बाहेरच्या काचेला तडा गेला. त्या वेळी त्या दोन जिवांना काय वाटले असेल! त्यांच्या पोलादी गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सचे एक घड्याळ बांधले होते. त्याची काच एखाद्या बुंदीच्या लाडवासारखी फुगीर होती. वर आल्यावर पाहिले तर घड्याळ चालूच.

पुढे २०१२ साली ‘टायटॅनिक’ चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन एकटेच तिथे जाऊन आले. त्यांच्याही यानाच्या लोखंडी हाताला रोलेक्सचे घड्याळ होते. २०१९ साली व्हिक्टर व्हेस्कोव्हो गेले, त्यांच्या यानाबरोबर ओमेगाची घड्याळे गेली. मग २०२२ साली दोन्ही कंपन्यांनी या खोल घड्याळांच्या आवृत्त्या दुकानात मांडल्या. ओमेगाची ६,००० मीटरांची, रोलेक्सची ११,००० मीटरांची.

आता गंमत पाहा. तिन्ही वेळा माणूस आत होता आणि घड्याळ बाहेर. मनगटी घड्याळ एकदाही मनगटावर नव्हते. असणार तरी कसे? हौसेने बुडी मारणाऱ्याने ४० मीटरांच्या खाली जाऊ नये, अशी शिकवण असते. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून माणूस सर्वांत खोल गेला तो २०१४ साली, तांबड्या समुद्रात. अहमद गब्र नावाचा इजिप्शियन गृहस्थ ३३२ मीटरांवर पोचला, अशी नोंद आहे. खाली जायला पाव तास लागला आणि वर यायला जवळजवळ चौदा तास! १९८८ साली फ्रान्सच्या कोमेक्स या संस्थेचे पाणबुडे मार्सेलजवळच्या समुद्रात ५३४ मीटरांवर काम करून आले. आणि १९९२ साली त्याच संस्थेने जमिनीवरच्या दाबाच्या कोठीत एका माणसाला ७०१ मीटरांच्या दाबापर्यंत नेले. मनुष्यदेहाची आजवरची हद्द ती. म्हणजे अकरा हजारांचे घड्याळ, ते बांधणाऱ्या देहाच्या पंधरा पट खोल जाऊ शकते. आपला अरबी समुद्र काही एवढा खोल नाही. मुंबईहून आफ्रिकेपर्यंत कुठेही बुडवा, त्या घड्याळाची पुरती परीक्षा व्हायची नाही.

बरे, लिहिलेला आकडा हीच काही त्या घड्याळाची शेवटची मर्यादा नसते. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याप्रमाणे लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली ते टिकावे लागते. जपानमध्ये २०१४ साली सीकोची हजार मीटरांची घड्याळे समुद्रात खाली खाली सोडून पाहिली. एक बंद पडले ते तीन हजार दोनशेच्या पुढे, आणि दुसरे चार हजार दोनशेच्याही पुढे! म्हणजे हजारांचे घड्याळच हिशेबाच्या बाहेर पुरते. मग अकरा हजार कोणासाठी?

स्नेह्यांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे मजबूत आहे ना?"

इथेच सगळ्यांची फसगत होते. खोल म्हणजे मजबूत, असे आपण धरून चालतो. पण पाणी घड्याळात शिरते ते पोलाद फोडून नव्हे. ते शिरते वायसरातून. आपल्या नळाला असतो तसलाच तो वायसर, फक्त बारीक. रबर आहे, ते वर्षांनी कडक होते, त्याला चिरा जातात. दुसरे म्हणजे, घड्याळाला ज्या गुंडीने किल्ली देतो ती गुंडी अशा घड्याळांत आट्यांवर घट्ट बसवायची असते. तारीख बदलली, किल्ली दिली आणि गुंडी तशीच मोकळी राहिली, तर समुद्र कशाला हवा, बादली पुरे! उलट दोनशे मीटरांचे साधे, काही हजार रुपयांत मिळणारे जपानी घड्याळ घ्यावे, दोन-तीन वर्षांनी त्याचे वायसर बदलावेत, गुंडी मिटलेली ठेवावी. ते तारकर्लीला नेले काय नि लक्षद्वीपला नेले काय, काही होत नाही.

माझा एक भाचा आहे, बहिणीचा मुलगा. मुंबई हायच्या तेलविहिरींवर तो अनेक वर्षे पाणबुड्या होता. तिथे समुद्र पंचाहत्तर मीटरांच्या आसपास खोल. अकरा हजारांच्या हिशेबाने ही खोली म्हणजे ताम्हनातले पाणी! पण तिथल्या नळांचे जोड आवळायला माणसाला जावे लागते, आणि गेलेल्या माणसाला लगेच वर येता येत नाही. रक्तात मुरलेला वायू सोडावॉटरच्या बाटलीसारखा उसळतो. म्हणून हे लोक जहाजावरच्या एका पोलादी कोठीत खालच्याच दाबात राहतात. तिथेच जेवण, तिथेच झोप. काम असेल तेव्हा एका घंटेतून खाली जायचे, काम संपले की पुन्हा कोठीत. असे तीन-तीन, चार-चार आठवडे. आणि शेवटी बाहेर पडण्यासाठी दाब हळूहळू उतरवायला तीनेक दिवस. कोठीत हेलियम वायू भरलेला, त्यामुळे सगळ्यांचा आवाज बदकासारखा. "मामा, सुरुवातीला दोन दिवस हसू येतं," तो सांगे. "मग कोणी बोलेनासंच होतं."

हा हेलियम मोठा चिवट. त्याचे अणू इतके बारीक की घड्याळाच्या वायसरातूनही ते आत शिरतात. कोठीचा दाब उतरू लागला की आत अडकलेला वायू बाहेर पडायला बघतो आणि काच फटकन उडते. घड्याळ पाण्यात फुटत नाही, कोरड्यात, बिछान्यावर फुटते! यावर उपाय म्हणून १९६७ साली रोलेक्सच्या ‘सी-ड्वेलर’मध्ये एक चिमुकली झडप बसवली, वायू साठला की ती आपोआप उघडते. सीकोने दुसरी वाट धरली. १९६८ साली जपानमधल्या एका पाणबुड्याने तक्रारीचे पत्र पाठवले होते, ते त्यांनी मनावर घेतले आणि सात वर्षे खपून १९७५ साली असे घड्याळ काढले की ज्यात हेलियम मुळी शिरेचना. झडपेचे कामच नाही. मला स्वतःला ही दुसरी तऱ्हा अधिक आवडते. चोर आत आल्यावर त्याला मागचे दार उघडून देण्यापेक्षा पुढच्या दाराला कडी घालावी, हे बरे. परंतु दुकानात जाऊन पाहा, गिऱ्हाइकाला झडपच दाखवतात, आणि गिऱ्हाईकही तिच्यावरून कौतुकाने बोट फिरवते. त्याने हेलियम पाहिलेला असतो तो वाढदिवसाच्या फुग्यात.

भाच्याच्या मनगटाला तिथे काय होते? दोनशे मीटरांचे एक क्वार्ट्झ घड्याळ, पट्टा तुटला म्हणून दोरी बांधलेला. पाण्यात त्याच्याकडे पाहायची वेळच येत नसे. किती खोल, किती वेळ, हे सारे वर जहाजावरचा माणूस राखतो आणि कानात सांगतो. हौशी पाणबुडेसुद्धा आज मनगटावरच्या छोट्या संगणकावर विसंबतात. "मग ते ठेवायचास कशाला?" मी विचारले. म्हणाला, "कोठीत दिवस आहे की रात्र, हे कळायला. आणि किती दिवस राहिले ते मोजायला."

त्या दिवसांनी त्याच्याकडून एक वस्तू घेतली. दाबाखाली वर्षे काढणाऱ्यांच्या हाडांना कधी कधी रक्त नीट पोचेनासे होते आणि सांध्याजवळचे हाड मरते. त्याचा उजवा खुबा असा गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी तो लंगडत आमच्या जिन्याने वर येतो. आता किनाऱ्यावर राहून नव्या पोरांना शिकवतो.

मी एकदा त्याला माझ्या ठेवीची गोष्ट सांगितली, चित्रही दाखवले. मला वाटले, हसेल. पण नाही. त्याने ते चित्र उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले. "सुंदर आहे, मामा. पैसे असतील तर घ्या." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्यातल्या पुष्कळांना असलं घ्यायची इच्छा असते. घेत मात्र कोणी नाही. घरं बांधतात."

या घड्याळांना नावे ठेवणे मला जमत नाही, ते सौंदर्य मलाही दिसते म्हणूनच. अकरा हजार मीटर सोसणारे घड्याळ करायची स्वस्त वाट ठाऊक नाही, असे थोडेच आहे? १९९७ साली बेल अँड रॉसने एक क्वार्ट्झ घड्याळ तेलाने काठोकाठ भरून ११,१०० मीटरांपर्यंत टिकेल असे करून दाखवले. तेल दबत नाही. आतून बाहेरून सारखाच रेटा. जाड काच नको, जाड धातू नको. पण तेलात चाक डुलत नाही. ज्या घड्याळात केसासारखी स्प्रिंग आणि हेलकावे घेणारे चाक आहे, त्याला आत हवाच हवी. एवढ्याशा हवेत त्या चाकाला निवांत डुलता यावे म्हणून बाहेर हा सारा पावशेर धातू! उपयोग शून्य, पण कल्पना कशी राजेशाही आहे! आणि ते काचेभोवतीचे फिरते कडे घ्या. १९५३ साली ब्लाँपाँ कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ‘फिफ्टी फॅदम्स’ काढले, त्याच्यावर ते होते. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांची वाव. पन्नास वाव म्हणजे ९१ मीटर. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग किती मिनिटे झाली ते एका नजरेत कळते. पुढे ते कडे एकाच दिशेने फिरेल असे केले. धक्का लागून सरकले तरी झालेला वेळ जास्तच दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. माणूस चुकून लवकर वर येईल, पण चुकून बुडणार नाही. या कड्याइतकी शहाणी वस्तू मी घड्याळात दुसरी पाहिलेली नाही. माझ्या दोनशे मीटरवाल्यावर ते आहे. त्याच्यावर मी चहा तीन मिनिटे मुरवतो, इडल्या बारा मिनिटे वाफवतो. सौभाग्यवतीने आता त्याला ‘पाणबुड्या’ म्हणायला सुरुवात केली आहे.

ते तीन हजार नऊशेचे घड्याळ मी घेतले नाही. तीन वेळा दुकानापर्यंत जाऊन आलो. चौथ्या खेपेला ते हातात बांधूनही पाहिले. पण दर वेळी डोळ्यांसमोर यायचे ते एकच. भाचा समोरच्या खुर्चीत पाय लांब करून बसला आहे, आणि त्याला पाणी देण्यासाठी मी हात पुढे केला आहे. ज्याने पंचाहत्तर मीटरांत आपला खुबा ठेवला, त्याच्यापुढे मी तीन हजार नऊशे मीटर मनगटावर घेऊन कसा बसू? तो काही बोलणार नाही, हे मला माहीत आहे. न लढता छातीवर बिल्ले लावून एखाद्या शिपायाच्या घरी जेवायला जावे, तसे ते मला वाटत राहिले. दुसऱ्या कोणाला तसे वाटायचे कारण नाही. त्याने खुशाल घ्यावे. पण मला कोणी विचारले तर मी ‘घेऊ नका’ असे सांगतो, आणि स्नेह्यांनाही तेच सांगितले.

अर्थात त्यांनी ते घेतले. लोक सल्ला मागतात तो घ्यायचे ठरल्यावर! साठीच्या दिवशी मंडपात ते घड्याळ सगळ्यांच्या हातांतून फिरले. आहेराच्या चांदीच्या ताटांकडे कोणी पाहिना. आकडा वाचून बायका भुवया चढवीत होत्या, आणि चिरंजीव झडप कुठे आहे ते प्रत्येकाला दाखवीत होते. फिरत फिरत ते भाच्याकडे आले. स्नेह्यांना कोणीतरी सांगितले होते की हा मुलगा समुद्रात काम करीत असे. ते मोठ्या उत्सुकतेने त्याच्या तोंडाकडे पाहू लागले.

भाच्याने घड्याळ तळहातावर तोलले. कडे एकदा पुरते फिरवून त्याची टकटक ऐकली. मग बाजूची गुंडी चिमटीत धरून त्याने ती हळूच आत दाबली आणि चार-पाच आटे फिरवून घट्ट केली.

"छान आहे, काका," घड्याळ परत देत तो म्हणाला. "गुंडी उघडी राहिली होती. हात धुताना जपा."